तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या चित्रांत समुद्र का नाही

गोव्याचा चित्रकार, आणि एकाही चित्रात समुद्र नाही? प्रदर्शन लागलं की हे कुणी ना कुणी विचारतंच. पणजीचे विचारतात, पुण्या-मुंबईचे तर हमखास. चेहरा असा करतात, जणू मी माशाच्या हुमणात मीठ घालायला विसरलोय. आजवर हसून वेळ मारून नेली, आता एकदाचं लिहूनच टाकतो.

माझं ठरलेलं उत्तर असं : मी डिचोलीतल्या पाळीचा. आमच्याकडे लाटा नव्हत्या, खाण होती. कौलांवर, पिंपळावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ. लोहखनिज ट्रकातून धक्क्यावर जायचं, तिथून बार्जमधून मांडवीने मुरगाव बंदराला. समुद्राशी आमचा संबंध तेवढाच. हे उत्तर खरं आहे, पण पुरतं नाही.

कारण समुद्र मी काढलेत. ढिगाने काढलेत.

२०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. बाबांचा ट्रक दारात उभा राहिला, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडून मी तेव्हा तांबडी चित्रं करत होतो. रंग घरचाच. माती पाण्यात कालवायची, खडे तळाशी बसू द्यायचे, वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून सुकवायचं आणि उरलेली पूड जवसाच्या तेलात घोटायची. यातला तांबडेपणा लोहाचा, तो उन्हाने उडत नाही. आपल्या देवळांतलं कावीकाम, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन खरवडून काढलेली नक्षी, याच भरवशावर टिकलंय. मला या सगळ्याचा भारी अभिमान होता. चित्रं मात्र खपत नव्हती.

किनारपट्टीवरच्या एका दुकानदाराने समुद्र मागितले. दोन बाय तीन फूट, ॲक्रिलिक, सही नको. कॅनव्हास भिंतीला ओळीने टेकवायचे, आधी सगळ्यांवर आकाश मारून घ्यायचं. मग गडद निळा अल्ट्रामरीन, किनाऱ्याकडे येताना आकाशी सेरुलियन, त्यात पांढरा वाढवत पाणी उथळ करत आणायचं. फेस पॅलेट नाइफने. शेवटी वाकलेला माड. तो डावीकडून वाकवायचा की उजवीकडून, एवढं स्वातंत्र्य मला होतं. हप्ते फिटत होते, आणि खोटं कशाला बोलू, हात छान बसला होता.

एकदा समुद्रांबरोबर मी एक माझं चित्रही नेलं. दुकानदाराने ते लांब धरून बघितलं. म्हणाला, ‘हातूंत मात्शें उदक दाखय रे.’ म्हणजे, यात जरा पाणी दाखव. मला राग आला, आणि मग गंमत वाटली. बंद खाणीत पाणी असतंच की! पंप थांबले आणि पाऊस पडला की खड्डा भरतो, आणि वरून बघितलं तर ते पाणी चक्क हिरवं-निळं दिसतं. मी कड्यावर बसून तोच खड्डा काढला. भोवती पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला तांबडा डोंगर, मध्ये ते पाणी. माड नाही, होडी नाही. मागे पेन्सिलने लिहिलं : पाळी, खाण, २०१३. आता कुणीतरी विचारेल, हे पाणी कसलं, असा माझा हिशेब.

विचारलं खरं. मी पुढचे समुद्र पोचवायला गेलो होतो, तेव्हा एक जोडपं त्या चित्रासमोर उभं होतं. बाई म्हणाल्या, ‘हा कुठला बीच?’ दुकानदार क्षणभरही अडखळला नाही. ‘दक्षिणेकडचा. तिथे अजून गर्दी नाही.’ घासाघीस झाली नाही. मी कोपऱ्यात समुद्र उतरवत होतो. दोन पावलं पुढे जाऊन ‘बाई, ही खाण आहे’ म्हणायचं, एवढंच काम होतं. दुकानदाराने चित्राच्या मागे खाकी कागद चिकटवला, माझं अक्षर त्याखाली गेलं. माझ्या हातात समुद्राच्या दुप्पट पैसे पडले. म्हणाला, असली आणखी चार आण.

आणली नाहीत. समुद्रही त्या मोसमानंतर सोडले.

आता यावर लोक म्हणतात, म्हणजे तुमची पर्यावरणवादी भूमिका आहे तर! कसली डोंबलाची भूमिका? माझी फी खाणीच्या ट्रकाने भरली. २०१८त सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द ठरवल्या, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, आणि त्याच गावात विहिरी आटल्या म्हणून खाणीला शिव्या घालणारेही माझे नातेवाईकच. माझी तांबडी चित्रं यातल्या कुणाच्या बाजूची आहेत, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला कळलं तर ठीक.

गोव्याच्या चित्रात काय असावं हे चित्रकाराला सांगायची हौस इथे जुनीच. गोव्यातल्याच सांत इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका, त्यांनी चित्रात येशूच्या आईला, मारियेला, साडी नेसवली तर इथल्यांना ती पचली नाही, ते पुण्याला जाऊन राहिले. मी कुठेही गेलो नाही, आणि त्यांच्या पंगतीत बसायचा माझा दावाही नाही.

तेव्हाचा मी अजून भांडतो : तू तुझी खाण बीच म्हणून विकू दिलीस. मी म्हणतो, त्या बाईंना पाणी आवडलं, ते पाणी मीच रंगवलं होतं, आणि ते चांगलं रंगवलं होतं. बीच समजून रोज बघत असतील तरी बघतायत ना? तो म्हणतो, मग आणखी चार का नाही दिलीस? इथे माझं तोंड बंद होतं.

उद्या समुद्र काढणारच नाही, अशी शपथ वगैरे घेतलेली नाही. पण विचारायचंच असेल तर तांबड्याबद्दल विचारा की कधीतरी. आणि तुमच्या दिवाणखान्यात माड नसलेला, भोवती तांबड्या पायऱ्या असलेला ‘बीच’ टांगलेला असेल, तर चित्र उलटं करून खाकी कागद जरा सोलून बघा.