पोर्तुगालची सहल आखताना: ऊन, अटलांटिक आणि पेनिशचा किल्ला

पोर्तुगालला जायचं ठरलं की पहिला प्रश्न महिन्याचा. माझं स्पष्ट मत, जुलै-ऑगस्ट टाळाच. तेव्हा अख्खा युरोप सुट्टीवर असतो, आल्गार्वच्या किनाऱ्यावर हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि आत अलेंतेजू भागात पारा चाळिशी ओलांडतो. आम्ही सप्टेंबरअखेर गेलो. ऊन लख्ख, हवा कोरडी, घामाचं नाव नाही. संध्याकाळी मात्र पातळ स्वेटर लागायचा. मे महिनाही असाच छान. समुद्राचं मात्र आधीच सांगून ठेवते. हा अटलांटिक आहे. वर कितीही ऊन असलं तरी लिस्बनच्या आसपासचं पाणी भर उन्हाळ्यातसुद्धा २० अंशांच्या वर फारसं जात नाही. तारकर्लीच्या सवयीने धावत शिरलात तर गुडघाभर पाण्यातूनच परत फिराल. पोहायची हौस असेल तर दक्षिणेला आल्गार्वला दिवस ठेवा, तिथलं पाणी त्यातल्या त्यात सुसह्य.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मोठ्यांना फी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा हवा. जोडून स्पेनही करणार असाल तर जिथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुंबईहून थेट विमान नाही. आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे जाणं सोयीचं पडतं.

बाकी आखणी चारचौघांसारखीच होती, लिस्बन, सिंत्रा, पोर्तू, आल्गार्व. बाबांनी त्यात दोन नावं घातली, कशियाश आणि पेनिश. कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत मला ही दोन्ही सापडली नव्हती.

त्यामागे एक नाव आहे, मोहन रानडे. सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले, मोहन रानडे झाले आणि आझाद गोमंतक दलात पोर्तुगीजांविरुद्ध लढले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची, आणि पुढे त्यांना थेट पोर्तुगालमध्ये नेऊन कशियाशच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे तिथेच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी समिती उभी करून जिवाचं रान केलं आणि जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. बाबा तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरी बाबूजींची गाणी लागली की बाबा ही हकिकत सांगायचेच, त्यामुळे कशियाश हे नाव मला लिस्बनच्याही आधी ठाऊक होतं.

कशियाशला जाणं अगदी सोपं. लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्टेशनातून कश्काईशला जाणारी लोकल पकडायची आणि डाव्या खिडकीशी बसायचं. तेजू नदीचं पात्र बघता बघता रुंद होत समुद्राला मिळतं, वाटेत लिस्बनचाच बेलेम भाग दिसतो. जलद गाड्या कशियाशला थांबत नाहीत, म्हणून पाटी वाचून चढा. ज्या किल्ल्यात राजकीय कैदी ठेवत तो वर टेकडीवर आहे आणि तिथे आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. खाली किनाऱ्यावर जो छोटा किल्ला दिसतो तो वेगळा. आम्ही पुळणीवर बसून डबा खाल्ला. शेजारी शाळेतली मुलं फुटबॉल खेळत होती. बाबा टेकडीकडे बघत म्हणाले, "यातून चौदा वर्षांनी माणूस ताठ बाहेर येतो म्हणजे काय असेल गं!" चौदा वर्षं म्हणजे गोव्यातली आणि इथली मिळून.

पेनिशला मात्र पूर्ण दिवस द्या. तिथे रेल्वे नाही; लिस्बनहून बसने सुमारे दीड तास लागतो. गाव मासेमारांचं, तीन बाजूंनी समुद्र, आणि टोकाला खडकावर किल्ला. हुकूमशहा सालाझार आणि त्याच्या वारसाच्या राजवटीत, १९३४ पासून १९७४ पर्यंत, हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी कायदेभंगाची ठिणगी टाकली. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना पोर्तुगालला हद्दपार करून याच किल्ल्यात ठेवलं होतं. मध्यंतरी सरकारच्या मनात हा किल्ला हॉटेलासाठी द्यायचं होतं. जुने कैदी आणि लोकांनी विरोध केला म्हणून तो बेत मागे पडला, आणि २७ एप्रिल २०२४ रोजी, कैदी सुटल्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, इथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. आपल्या पूर्वजांनी बांधलेला तुरुंग स्वतःच्याच मुलांना उघडून दाखवणाऱ्या या देशाबद्दल मला तिथे मनापासून आदर वाटला.

भेटीची खोली जशीच्या तशी ठेवली आहे. मधे काच. अलीकडे नातेवाइकांनी बसायचं, पलीकडे कैद्याने, आणि बोललेला शब्द न् शब्द ऐकायला पहारेकरी. हात लावायची सोय नाही. बाबा अलीकडच्या बाकावर बराच वेळ बसले. ज्यांचं माणूस गोव्यातून इथे आणलं, त्यांना हा बाकसुद्धा कुठून मिळणार होता? भिंतीबाहेर लाटांचा आवाज अखंड. ३ जानेवारी १९६० ला कम्युनिस्ट नेते आल्व्हारू कुन्याल आणि त्यांचे नऊ साथीदार इथूनच निसटले. ते कुठल्या बाजूने उतरले हे प्रत्यक्ष पाहिलं की खालचे खडक बघून पोटात गोळा येतो.

बाहेर पडल्यावर लगेच बस पकडू नका. पेनिशच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लेस विणतात. लोडासारखी गोल उशी, त्यावर टोचलेला नमुन्याचा कागद, शेकडो टाचण्या आणि दोऱ्याला लटकलेल्या लाकडी दांड्या. आजीबाईंच्या बोटांतून त्या दांड्या अशा पळतात की नजर ठरत नाही, फक्त टकटक ऐकू येते. आईसाठी तिथूनच एक रुमाल घेतला. लाटांवर स्वार होणाऱ्यांची इथे गर्दी असते, आणि हवा बरी असेल तर बेर्लेंगा बेटावर बोटीही जातात.

लिस्बनमध्ये बेलेमचा जेरोनिमोश मठ सगळेच पाहतात, तुम्हीही पाहा. दगडात कोरलेले दोरखंड, पोवळी, पानं-फुलं यांनी डोळे निवतात. बांधकामाचा पैसा आला पूर्वेच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरच्या ५ टक्के करातून. वास्को द गामाची समाधी दारातून आत शिरताच दिसते. त्यानंतर शहरात परतून कार्मोच्या चौकात जा. १७५५ च्या भूकंपात छप्पर गमावलेलं चर्च तिथे तसंच, आभाळाखाली उभं आहे. शेजारच्याच बराकीत २५ एप्रिल १९७४ ला सालाझारचा वारस मार्सेलू काइतानू शरण आला आणि हुकूमशाही संपली. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने कागदोपत्री मान्य केलं ते यानंतरच, त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या करारात.

खाण्याचं थोडक्यात. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात लावू नका, पैसे पडत नाहीत. शाकाहाऱ्यांनी सूप मागतानाही आत सॉसेज आहे का ते विचारावं. कॅफेच्या काचेआड त्रिकोणी 'शामुसा' दिसेल. गोव्याकडून तिकडे गेलेला आपला सामोसाच तो, पण आत बहुधा मांस असतं. कस्टर्डची छोटी नाता मात्र गरम मिळेल तिथे दालचिनी भुरभुरवून खा. त्यात अंडं असतं, हे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बरोबर वडीलधारे असतील तर बुटांवर पैसे खर्च करा. लिस्बनचे फुटपाथ गुळगुळीत चुनखडी दगडांचे, रस्ते चढउताराचे, आणि पावसाची एक सर आली की पाय सटकतो. दुसरं म्हणजे सोमवार. मठ आणि बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. म्हणून सोमवारी कशियाश-कश्काईशची लोकल, मंगळवारी बेलेम आणि कार्मो, बुधवारी सकाळच्या बसने पेनिश. आल्गार्व आणि पोर्तू त्यानंतर.