दुधाच्या किटलीचा लंबक

वडोदऱ्यात अकरावी सायन्सला मी फिजिक्स शिकवतो. त्या दिवशी लंबक होता, मुलांच्या गुजराती पुस्तकातला 'लोलक'. लोखंडी गोळीऐवजी मी घरून दुधाची स्टीलची किटली आणली, पाण्याने काठोकाठ भरली आणि दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला दोरीने टांगली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वजनाने दोलनकाळ बदलत नाही. दोलनकाळ म्हणजे एका दोलनाला, एकदा जाऊन परत यायला, लागणारा वेळ.

भरलेल्या किटलीची 20 दोलनं 33.5 सेकंदांत झाली. मग चारातले तीन हिस्से पाणी बादलीत ओतून पुन्हा मोजायला सांगितलं. मोबाईल हातात धरलेली दांडिया बाजारातली मुलगी म्हणाली, "सर, 34.5."

"बटण उशिरा दाबलंस."

तिने परत मोजलं. 34.4. मी तिला मोजणी चुकल्याचं सांगितलं आणि स्वतः मोजायला उभा राहिलो. 34.6. आता वर्गात कोणी बोलेना. तिच्यावर दोनदा विश्वास ठेवला नाही, हे मला आजही लागतं.

ती किटलीत डोकावली. "सर, पाणी तर सगळं तळाशी गेलंय. मग लांबी कुठपर्यंत धरायची?"

मी आजवर गाठीपर्यंतची दोरी मोजून पुढे जात होतो. खरी लांबी खिळ्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतची, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूपर्यंतची, आणि तो पाण्याबरोबर खाली सरकला होता. फळ्यावर अंदाज मांडला: आधी सुमारे 69 सेंटिमीटर, आता 73. लांबी जवळजवळ 6 टक्के वाढली. दोलनकाळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 3 टक्के. 33.5 चे तीन टक्के किती, ते मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडून सांगितलं: एक सेकंद! इतकं चोख जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं.

फळ्यावरचं वाक्य बरोबरच होतं, ते पुसायची गरज नव्हती. त्याच्याखाली तिने खडूने लिहिलं: लांबी कुठपर्यंत?

"आता सगळं पाणी काढलं तर?" मी विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, काळ अजून वाढेल. ती मान हलवत राहिली. पाणीच नाही म्हटल्यावर उरलं फक्त भांडं, आणि भांड्याचा मध्य पुन्हा वर, जवळजवळ पहिल्याच जागी.

बादलीत शेवटचा थेंब निथळला. वीस दोलनं साऱ्या वर्गाने मोठ्याने मोजली.

33.6.

घंटा होऊन गेली होती. दोन मुलं मैदानावरून वाळू आणायला पळाली.