आमची वाटचाल: बाटलीवर पहिलं नाव साखरेचं

कुडाळजवळ आमचं छोटं युनिट आहे, अमृत कोकम (कोकमचं गोड सिरप), आगळ (मीठ घातलेला कोकमचा रस) आणि सोलं (कोकमची वाळवलेली सालं) एवढंच करतो. सुरुवात घरच्या रातांब्यांपासून, म्हणजे कोकमच्या फळांपासून झाली, आई करायची तसंच, फळ फोडून बिया काढायच्या, सालीला साखरेचे थर द्यायचे आणि सुटलेला रस गाळून भरायचा. मग लायसन, पाण्याचा रिपोर्ट, लॅब टेस्ट सगळं रीतसर केलं.

खरी कसोटी लागली ती लेबलाची. नियम असा की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. आता फ्रूट सिरपला फळाचा रस किमान 25 टक्के आणि एकूण विरघळलेले घटक किमान 65 टक्के लागतात, त्यात बहुतेक साखरच, म्हणजे सिरप कोणीही करू दे पहिलं नाव साखरेचंच यायला हवं. आम्ही तसंच छापतो. गिऱ्हाईक वाचतं, म्हणतं अहो ही तर नुसती साखर, आणि शेजारची बाटली उचलतं जिच्यावर कोकम पहिलं लिहिलंय.

रंगाचंही तेच. खऱ्या कोकमचा रंग उजेडात काही महिन्यांत उतरतो, तपकिरी होतो, दुकानदार म्हणतो माल जुना झाला परत न्या. कृत्रिम रंगाची बाटली मात्र दिवाळीपर्यंत लालभडक. परवानगीचा रंग घालणं गुन्हा नाहीच, पण तो लेबलावर लिहायला पाहिजे ना, आणि वाचता येईल असा.

काहीजण म्हणतात सरकार कशाला, ग्राहक ठरवेल. कसा ठरवेल हो? जिभेला कार्मोइसिन, म्हणजे लाल कृत्रिम रंग, कळत नाही, ते लॅबमध्येच कळतं. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात चुकीच्या लेबलला 3 लाखांपर्यंत दंड आहे, पण त्यासाठी दुकानातून सॅम्पल उचलायला माणसं हवीत, ऐन एप्रिल-मेमध्ये, सिरपचा खप असतो तेव्हा. अन्न सुरक्षा अधिकारी वाढवा, जिल्ह्याजवळ लॅब द्या, आमची बाटली सगळ्यात आधी उचला.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर, मीठ ठळक दाखवायची चर्चा चालू आहे, 2022 मध्ये पदार्थ आरोग्याला किती चांगला ते स्टारने दाखवायचा ड्राफ्टही आला होता. स्टार नको, सरळ आकडा द्या. त्यात आमचं अमृत कोकम वाईट दिसेल, आगळातलं मीठही दिसेल, दिसू दे, फक्त सगळ्यांचं दिसलं पाहिजे. पुढच्या छपाईत आम्ही साखरेचा आकडा नावाखालीच घेतोय, डिझाइन झालंय.