पीआरसी आणि एक जुना पॅरा

पीआरसीचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत सगळ्यांच्या रजा बंद होतात. पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती. अधिवेशन मुंबईत असो की नागपुरात, लोकांना विधिमंडळ दिसतं ते टीव्हीवरच्या गोंधळापुरतं. ते संपलं की आमदार मोकळे, असा सर्वसाधारण समज. समित्यांचं काम मात्र सत्र संपलं म्हणून थांबत नाही. त्यांचे दौरे आणि साक्षी बऱ्याचदा याच मधल्या महिन्यांत होतात. दोन्ही सभागृहांचे, निरनिराळ्या पक्षांचे आमदार टेबलाच्या एका बाजूला, समोर जिल्हा परिषदेचे सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि पत्रकार दाराबाहेर.

मी तेव्हा अर्थ विभागात सहायक लेखा अधिकारी होतो. समितीचा अहवाल सभागृहात मांडून झाला, मीही निवृत्त झालो, तरी जिल्ह्याचं नाव नको. आमच्यासारख्या फायली सगळीकडेच आहेत.

समिती दोन गोष्टी तपासते: जिल्हा परिषदेचा वार्षिक प्रशासन अहवाल आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचा पुनर्विलोकन अहवाल. दुसऱ्यातले आक्षेप, आमच्या बोलीत ‘पॅरा’, कित्येक वर्षं मागचे असतात. म्हणजे खर्च एकाने केलेला, उत्तर दुसऱ्याने लिहिलेलं आणि साक्षीला बसलेला तिसराच. आमचे सीईओ त्याच उन्हाळ्यात बदलून आले होते. पण ‘तेव्हा मी नव्हतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. साक्ष पदाची असते. त्यामुळे कॅफो (मुख्य लेखा व वित्त अधिकारी) साहेब त्यांच्या शेजारी, खातेप्रमुख त्यांच्या बाजूला आणि मागच्या रांगेत आम्ही, मांडीवर फायली, त्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. प्रश्न सुरू झाला की अर्ध्या मिनिटात योग्य पान पुढे सरकवायचं. विधिमंडळाचे प्रतिवेदक शब्दन् शब्द उतरवून घेत असतात, त्यामुळे मोघम बोलायची सोय नाही.

पहिल्या दिवशी दुपारनंतर ग्रामीण पाणीपुरवठ्याचा एक पॅरा आला. एका गावच्या नळयोजनेत जलकुंभाचं देयक दिलं होतं, पण लेखापरीक्षकांना मोजमाप पुस्तिका दाखवलेली नव्हती. पुस्तिका नाही म्हणजे काम किती झालं याचा पुरावा नाही, म्हणून खर्च आक्षेपाधीन. रक्कम काही फार मोठी नव्हती. आधीच्या पॅरांमध्ये अखर्चित निधीचे आणि न समायोजित केलेल्या अग्रिमांचे आकडे याच्या कितीतरी पट होते आणि ते भराभर गेले होते. आम्हाला वाटलं, हाही जाईल.

एका महिला सदस्यांनी हात वर केला. त्यांनी मागची अनुपालनं, म्हणजे या पॅरावर आम्ही दरवर्षी दिलेली लेखी उत्तरं, शेजारी शेजारी मांडून ठेवली होती. शांतपणे एकेक वाचायला लागल्या. ‘सदर अभिलेखे शोधण्याची कार्यवाही सुरू असून उपलब्ध होताच लेखापरीक्षणास सादर करण्यात येतील.’ पुढच्या वर्षीचं तेच. त्याच्या पुढच्या वर्षीचंही तेच. ‘लेखापरीक्षणास’मधला ‘री’ एका वर्षी ऱ्हस्व पडला होता, तो पुढे तसाच ऱ्हस्व चालत आला होता. सभागृहात कोणीतरी हसलं, मग गप्प झालं.

“सीईओ साहेब, शोधण्याची कार्यवाही सुरू आहे म्हणजे आज, या क्षणी, कोण शोधतंय? त्यांचं नाव सांगा.”

साहेबांनी ईई साहेबांकडे, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्यांकडे पाहिलं. ईई साहेबांनी मागे पाहिलं. ईईंच्या मागे भिंत होती.

“बरं, कुठल्या खोलीत शोधताय? मला ती खोली बघायची आहे.”

समिती प्रमुखांनी घड्याळ बघितलं आणि चहाच्या वेळेत जाऊन या म्हणाले. दोन सदस्य, ईई, मी आणि पाणीपुरवठ्याचा एक कनिष्ठ सहायक असे आम्ही खाली अभिलेख कक्षात गेलो. दौऱ्यासाठी आधल्याच दिवशी तिथे रंग मारला होता, त्याचा वास होता. लाल रुमालात बांधलेली दप्तरं, अ, ब, क, ड अशी वर्गवारी, बाहेर चिठ्ठ्या. सगळं दृष्ट लागेल असं. ताईंनी दप्तरांना हातही लावला नाही. त्यांनी विचारलं, “मोजमाप पुस्तिका कोणाला दिल्या याची नोंदवही असते ना?”

मी चाट पडलो. आमदाराला हा प्रश्न सुचेल असं वाटलं नव्हतं. नंतर कळलं, बाई आधी बरीच वर्षं पंचायत समितीत निवडून येत होत्या. अभियंत्यांच्या मागे लागण्यात त्यांची हयात गेली होती.

नोंदवही विभागाच्या कार्यालयातच निघाली, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात. कनिष्ठ सहायकाने पान काढलं. पुस्तिकेचा क्रमांक, दिल्याची तारीख, शाखा अभियंत्याचं नाव, त्याची सही. ‘परत आल्याची तारीख’ हा रकाना कोरा. तो माणूस बदलून गेला, पुढे निवृत्तही झाला. एवढी वर्षं जी शोधाशोध कागदावर चालली होती ती चहा निवायच्या आत संपली. पुस्तिका मिळाली नव्हती, पण ती शेवटी कोणाच्या हातात होती ते मिळालं होतं. ते वाक्य दरवर्षी टाइप करणाऱ्यांपैकी कोणी त्या कपाटापर्यंत गेलं नव्हतं, कारण पॅराला उत्तर देणं आणि पॅरा सोडवणं ही आमच्याकडे दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला मुदत असते.

दुसरा दिवस पाहणीचा. सदस्यांचे गट करून तालुक्यांत पाठवतात: शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, पंचायत समिती. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भिंती धुतलेल्या असतात आणि पोरांना पाढे पाठ करून घेतलेले असतात. विश्रामगृहावरच्या सरबराईत जितकी माणसं गुंतली होती, तितकी वर्षभरात पॅरांवर बसली असती तर निम्मे सुटले असते, असं माझं तेव्हाही मत होतं. ताईंनी मात्र तोच जलकुंभ बघायला लावला. टाकी होती. पाणीही येत होतं, दिवसाआड. गावकऱ्यांचं म्हणणं, टाकीबद्दल तक्रार नाही, वाल्व्ह बदला. कागदावरचा दोष आणि गावचं दुखणं यांची गाठ पडेलच असं नाही.

जिल्ह्यातली साक्ष म्हणजे अर्धंच काम. समितीला कोणाला निलंबित करता येत नाही, वसुलीचा आदेश काढता येत नाही. ती शिफारस करते. पण त्यानंतर विभागाच्या सचिवांना विधान भवनात साक्षीला बोलावतात आणि तिथे जिल्ह्यातल्या साक्षीचा कागद समोर असतो. सचिवांना प्रश्न गेला की वरून फोन येतो, आणि फोन आला की फाईल हलते. आमच्याकडे तो फोन आला. निवृत्त अभियंत्याला नोटीस गेली. त्याने कार्यभार दिल्याची यादी जपून ठेवली होती. त्यात पुस्तिकेचा क्रमांक होता आणि घेणाऱ्याची सही होती. त्या सहीवरून उपविभागाच्या जुन्या जागेतल्या एका पेटीत पुस्तिका सापडली.

पॅरा तरीही वगळला गेला नाही. शेवटच्या मोजणीखाली उपअभियंत्याची सही नव्हती. आता अनुपालनात ‘सदर अधिकाऱ्याकडून खुलासा मागविण्यात आला आहे’ असं लिहून जातं, फक्त समोर एक रकाना वाढला आहे: खुलासा कोणी मागवला, त्याचं नाव आणि तारीख.