सर्व निवडा

जुना फोन चार्ज करायचा तर वायर डावीकडे किंचित झुकवून तिच्यावर पोळपाट ठेवावा लागे. पोळपाटच. लाटणं घरंगळतं आणि पिठाचा डबा जड होतो. सहा महिने माझं हे बिनतक्रार चाललं होतं. मग एका शनिवारी लेक पुण्याहून आला, ओट्यावरचं ते दृश्य त्यानं पाहिलं आणि दुपारच्या आत मला कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मोबाइलच्या दुकानात नेऊन उभं केलं.

फोन विकत घेण्यात सांगण्यासारखं काही नाही. पैसे दिले की देतात. दुकानातला पोरगा मात्र उत्साही होता. "काय विषय न्हाई ओ काकू, जुन्यातला सगळा डाटा अर्ध्या तासात टाकून देतो," म्हणाला. मला ते 'टाकून देतो' बरं वाटलं नाही. आमच्याकडे टाकून देतात ते शिळं. "आम्ही घरी करू," असं म्हणून मी पिशवी उचलली.

घरी जेवणाच्या टेबलावर दोन्ही फोन शेजारी शेजारी मांडले. मध्ये वायर लावली की काम लवकर होतं म्हणे, पण जुन्याचं भोक सैल. पोळपाट ठेवूनही दोनदा संबंध तुटला. शेवटी वायफायवरून करायचं ठरलं. माझ्या फोनची भाषा मराठी आहे (लेकाला याची लाज वाटते, तो माझ्या फोनवर काही शोधायला लागला की आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखा चाचपडतो). तर पडद्यावर यादी आली. संपर्क, मेसेज, कॉल, फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप. आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक चौकोन, त्याच्यापुढे दोन शब्द: सर्व निवडा.

"दाब ना," लेक म्हणाला.

मी थांबले. निवडणं हे क्रियापद मी तांदळापासून शिकले. तांदूळ निवडायचे म्हणजे खडा, भातगोटा, अळी बाजूला करायची. मेथी निवडायची म्हणजे मुळं, जून देठ आणि मधेच आलेलं गवत काढायचं. 'सर्व निवडा' म्हणजे मग काय? ताट उचला आणि आहे तसं कुकरात ओता?

"आई, ते सिलेक्ट ऑल आहे."

ते कळलं होतं रे.

माझी आई गडहिंग्लजला असते. तिच्याकडे टेलिफोनची डायरी होती आणि ती दर जानेवारीत नवी व्हायची. कुठल्या तरी पतसंस्थेकडून नाहीतर खताच्या दुकानातून भेट आलेली असे. तारखांशी आईला देणंघेणं नव्हतं, पानं कोरी असली म्हणजे झालं. संक्रांतीची धामधूम सरली की एका दुपारी ती जुनी डायरी मांडीवर आणि नवी पाटावर घेऊन बसायची. मी जुनीतून नाव वाचायचे, ती क्षणभर खिडकीबाहेर बघायची आणि लिहायची. किंवा लिहायची नाही. "पुढचं वाच," एवढंच म्हणायची. त्यात राग नसायचा. ज्यांच्याकडे वर्षभरात जाणं नाही, येणं नाही, हळदीकुंकू नाही, त्यांचं नाव पुढच्या वहीत उतरत नसे, बस्स. एखादी मामेनणंद अशी गळायची, आणि तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली की पुढच्या जानेवारीत दिमाखात परत यायची. कुणी गेलं की त्याच नंबरापुढे त्यांच्या मुलाचं नाव. आडनाव तेच, पत्ता तोच, अक्षर तेच.

नव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या लँडलाइन नंबरांच्या आधी २ लागला. आईची वही तेव्हा नुकतीच लिहून झाली होती. ती परत कोण लिहिणार? तिनं लाल पेन घेतला आणि प्रत्येक नंबराच्या डोक्याशी एकेक दोन काढला. ते पान सगळ्या नातेवाइकांना दहापैकी दोन मार्क मिळाल्यासारखं दिसायचं. काहींच्या बाबतीत ते बरोबरही होतं.

तर माझ्या फोनमध्ये १,१२७ संपर्क निघाले. मी महिन्यातून ज्यांना फोन करते अशी माणसं मोजली तर सतरा भरतात, त्यात गॅसवाला धरला आहे.

"थांब, मी आधी साफ करते," मी लेकाला सांगितलं. तो क्रिकेट बघायला गेला.

यादी नुसती वर सरकवायला लागले तर विहीर खणताना लागतात तसे थर लागले. सगळ्यात तळाला नोकियाच्या काळातली नावं, सिमकार्डावरून आलेली. त्या कार्डावर अडीचशे माणसं मावायची आणि नावालाही हातपाय आखडून बसावं लागे. म्हणून इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पाटील सर हेडमा'. त्यांची मास्तरकी तिथंच तुटली आहे. त्याच्यावर पहिल्या स्मार्टफोनचा थर, त्यातलं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, त्यामुळे 'काळे' आहेत का 'काले' आहेत ते त्यांना विचारूनच कळेल. सगळ्यात वर देवनागरी, आणि तिथं मला जरा मोकळं होऊन लिहिता यायला लागलेलं दिसतं. 'सुतार येतो म्हणतो'. हा नाव राखून आहे. 'शिंदे दूध'. 'शिंदे दूध जुने'. 'हॉल मुंज नको महाग'. 'नको उचलू', 'नको उचलू २', 'नको उचलू कर्ज'. आणि 'आई', 'आई नवीन', 'आई शेजारी', ज्यातली खरी आई फक्त मधली.

तळाच्या थरात एक 'कुलकर्णी का' सापडले. काका? काकू? का कागलचे कुलकर्णी? पुष्कळ आठवून पाहिलं. आईची डायरी असती तर आई "पुढचं वाच" म्हणाली असती. मला तसं म्हणता आलं नाही. काय सांगावं, काकू असल्या तर?

तासाभरानं लेक बघायला आला. मी चार नावं काढली होती. त्यातलं एक मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, जिथं आता मोमोची गाडी लागते.

"चार?" तो म्हणाला.

मग मला कळलं की आईचं काम सोपं होतं. डायरीत माणूस ठेवायचं तर कष्ट पडत: नाव लिहा, नंबर लिहा, शाई वाळू द्या. गाळायला काहीच करावं लागत नसे. फोनचं बरोब्बर उलटं आहे. ठेवायला बोट हलवावं लागत नाही आणि काढायला गेलं की तो लाल अक्षरांत विचारतो, 'हा संपर्क हटवायचा?' असं तोंडावर विचारल्यावर कोण हो म्हणेल? मी तर दुकानात पिशवी हवी का विचारलं तरी गडबडते.

सर्व निवडलं. दाबलं.

पडद्यावर 'अंदाजे १ तास ४० मिनिटे' आलं. वीस मिनिटांनी पाहिलं तर ३ तास. मग एकदम '२ मिनिटे शिल्लक', आणि ती दोन मिनिटं माझी आमटी उकळून, फोडणी बसून, भात झाला तरी शिल्लक होती.

एवढा वेळ लागायचं कारण फोटो. ११,४८२. ते बघत बसायची सोय नव्हती, पण नव्या फोनमध्ये ते एकेक करून उगवताना दिसत होते. मला वाटायचं माझ्या फोनमध्ये आठवणी आहेत. होत्या सिलिंडरच्या पावत्या. विजेच्या मीटरचे आकडे. बहिणीला 'ही घेऊ का' म्हणून पाठवलेल्या साड्या, ज्यातली एकही घेतली नाही. माझ्या अंगठ्याचे जवळून काढलेले फोटो. पर्समध्ये आपोआप सुरू झालेला चौदा मिनिटांचा एक व्हिडिओ, पूर्ण काळोखाचा, आणि मागून माझाच आवाज: "अहो दादा, थांबा की!" मुलाच्या पदवीदानाचा फोटो तीनदा होता. एक मी काढलेला, एक मी ग्रुपवर पाठवलेला, आणि एक वन्सांनी तोच मला 'अभिनंदन' म्हणून परत पाठवलेला. आणि मग फुलं. गुलाब, जास्वंद, दवबिंदू घातलेलं कमळ, खाली शुभ सकाळ. रोज पहाटे कुणीतरी माझ्या फोनमध्ये परडी रिकामी करून जात होतं, आणि मी ती कधी उचललीच नव्हती.

या फुलांनी पुढे अडचण केली. व्हॉट्सअ‍ॅपचं बिऱ्हाड वेगळं असतं, ते बाकी सामानाबरोबर येत नाही. एक रस्ता गुगलच्या खात्यावरून, म्हणजे आधी बॅकअप तिथं ठेवायचा आणि नव्या फोनवर उतरवून घ्यायचा. खात्याला १५ जीबी जागा फुकट असते, त्यातच मेल, त्यातच जून २०२१ पासून फोटो आणि २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा. माझे १५ कधीच भरले होते, अर्धे कमळांनी. दुसरा रस्ता थेट: नव्या फोनवरचा क्यूआर कोड जुन्याला दाखवायचा आणि गप्पा सरळ इकडून तिकडे. तसं केलं. नऊ वर्षांच्या गप्पा आल्या. उघडून पाहिलं तर बहुतेक 'हो', 'बरं', 'निघाले' आणि 'पोचले'.

लेक रविवारी रात्रीच्या गाडीनं गेला. जे आलं नव्हतं ते सोमवारपासून कळायला लागलं.

पैशांचं अ‍ॅप आलं होतं, पण आत कुणी नव्हतं. यूपीआयमध्ये बँक नुसता नंबर ओळखत नाही. तो नंबर या फोनमध्ये, या सिमवर आहे ना, हे फोननं स्वतः बँकेला एसएमएस पाठवून सिद्ध करावं लागतं. मी दोन सिमांपैकी चुकीचं सिम निवडलं. (इथं कुणी 'सर्व निवडा' विचारलं नाही.) हे कळलं तेव्हा मी कपिलतीर्थाच्या मंडईत भाजीवालीसमोर उभी होते, पिशवीत अर्धा किलो गवार, दोन पेंढ्या मेथी, आणि फोन म्हणतोय, पडताळणी अयशस्वी. भाजीवालीनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नवा घेतलासा व्हय? ऱ्हाऊ द्या, उद्या द्या."

दुसरी उणीव कुणाला सांगायलाही जरा चमत्कारिक वाटते. माझा जुना कीबोर्ड मला ओळखायचा. 'पा' लिहिलं की 'पाणी आलं का'. 'नि' लिहिलं की 'निघालास का'. 'आई' लिहून जागा सोडली की तो आपणहून 'जेवलीस का' पुढे करायचा. नवा अगदी कोरा निघाला. मी 'आई' लिहिलं, त्यानं 'आईस्क्रीम' सुचवलं. चार दिवस मी त्याला शिकवत होते आणि तो मला आईस्क्रीम देत होता. लेक फोनवर म्हणाला, शिकलेले शब्दही आणता येतात, सेटिंगमध्ये एक पर्याय असतो, तो आधी सुरू करायला हवा होता. असेल. सर्व निवडलं होतं ना?

आणखी एक गंमत तेव्हाच लक्षात आली. आपण 'डेटा हलवला' म्हणतो, पण हलत काहीच नाही. घर बदललं की जुन्या घरात भिंतींवर खिळे तेवढे उरतात. इथं जुन्या फोनमध्ये सगळं होतं तसं जागच्या जागी. १,१२३ माणसं, काळोखाचा व्हिडिओ, कमळं. नव्यात गेली ती नक्कल. आठवडाभर घरात दोन फोन होते आणि दोघांचंही मत होतं की मी त्यांची. कुणाचा वाढदिवस आला की दोघं आठवण करून द्यायचे, जुना एक मिनिट आधी.

तो आईला द्यायचं ठरलं. तिला भजनं ऐकायला मोठा आवाज पाहिजे. मी दुकानात नेला तर त्याच पोरानं चार्जिंगची पट्टी बदलली, साडेतीनशे रुपये घेतले, आणि फोन टुणटुणीत. पोळपाटाची गरज संपली. मी लेकाला व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं. तो बराच वेळ छताकडे बघत होता.

द्यायच्या आधी आईला विचारलं, "यात माझे नंबर राहू देत का? तुला लागतील."

"किती आहेत?"

सांगितलं.

"नको बाई. तुझी माणसं तुला. मला बारा पुष्कळ."

मग लेकानं सांगितल्याप्रमाणे फोन रीसेट केला. त्याला विचारलं होतं, एवढे फोटो पुसायला पुन्हा तीन तास लागणार का? तर म्हणाला, पुसत नाहीत. हल्लीच्या फोनमध्ये सगळं कुलूपबंदच लिहिलेलं असतं. रीसेट म्हणजे ती किल्ली कायमची नष्ट करणं. खोलीत सामान असतं, पण आता ते कुणालाच कळणार नाही. खरंच दोन-तीन मिनिटांत झालं. रात्री साडेदहा वाजता जुना फोन पांढरा पडदा घेऊन म्हणाला, नमस्कार, भाषा निवडा. 'कुलकर्णी का' तिथं संपले. नव्यात मात्र आहेत. मी मराठी निवडली, आईसाठी अक्षरं मोठी केली, आणि झोपले.

आमच्या गल्लीत पहाटे पाचला पाणी येतं आणि सव्वासहाला जातं. सकाळी दार वाजलं तेव्हा चांगलं उजाडलं होतं. शेजारच्या वहिनी बादली हातात घेऊन उभ्या. "आज मोटर चालू केली नाहीत? बरं नाही का?"

स्वयंपाकघरात गेले. जुना फोन ओट्यावर गप्प पडला होता. आठवडाभर पाच वाजता 'पाणी' म्हणून जो गजर होत होता तो तिथून होत होता, त्या जागेवरून, पोळपाटाशेजारून. नव्या फोनमध्ये गजर आलाच नव्हता, आणि तो आला नाही हे कळायला वाव नव्हता, कारण जुना रोज वाजत होता.

पिंपात तळाला चार बोटं पाणी होतं. वहिनींनी दोन कळश्या दिल्या.