३९ डॉलर ६० सेंटचा हिशेब

‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा १९३४ सालचा चित्रपट मी आजवर ज्यांना ज्यांना दाखवला, त्यांच्यापैकी कोणी ना कोणी शेवटी दिवे लागल्यावर मला एकच प्रश्न विचारते. “चित्रपट गोड आहे, पण खरे सांगा, यांचे लग्न पुढे टिकले असेल का?” प्रश्न रास्त आहे. मुलगी कोट्यधीशाची आहे, मुलगा नोकरी गेलेला वार्ताहर आहे आणि दोघांची ओळख अवघ्या काही दिवसांची आहे. पुष्कळ वर्षे मी “टिकले असेल” एवढेच म्हणून थांबत असे. आता तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून, तसे मला का वाटते, ते नीट लिहून काढते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. एली अँड्रूजने वडिलांना न विचारता किंग वेस्टली नावाच्या एका छानछोकी वैमानिकाशी लग्न केले आहे, आणि ते रद्द करून घेण्यासाठी वडिलांनी तिला मायामीच्या किनाऱ्यावर आपल्या नौकेत कोंडून ठेवले आहे. ती पाण्यात उडी मारून पळते आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये बसते. त्याच बसमध्ये तिला पीटर वॉर्न भेटतो. ती कोण आहे हे त्याला कळते, आणि तिची हकिगत वर्तमानपत्राला देण्याच्या बदल्यात तो तिला न्यूयॉर्कपर्यंत पोहोचवायचे कबूल करतो. बस, पाऊस, वाहून गेलेला पूल, गवताची गंजी आणि अनोळखी माणसाची मोटार अशा त्या प्रवासात दोघे एकमेकांवर प्रेम करू लागतात.

मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवले आणि माझे वडील एसटीत कंडक्टर होते. या दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण या चित्रपटात मला सर्वांत आधी दिसले ते प्रेम नव्हते, पैशांचा हिशेब होता. ड्युटीवरून परतलेले वडील डेपोत वेबिल, म्हणजे तिकीटविक्रीची नोंद, आणि रोकड जुळवत बसलेले मी लहानपणी पाहिले आहेत. आठ आणे कमी भरले, तर ते त्यांच्या खिशातून जात. त्यामुळे बसमध्ये एली चॉकलेटचा डबा घ्यायला निघते आणि पीटर विक्रेत्याला परस्पर परत पाठवतो, तो प्रसंग इतरांना थट्टेचा वाटला तरी मला कधीच तसा वाटला नाही. बॅग चोरीला गेल्यावर आदल्या रात्री तिच्याजवळ चार डॉलर होते आणि आता जेमतेम एक डॉलर साठ सेंट उरले आहेत. न्यूयॉर्क अजून फार दूर आहे. यापुढे खर्च मोजून करायचा, असे पीटर तिला बजावतो. तिच्या आयुष्यात हे वाक्य तिला प्रथमच कोणीतरी ऐकवले असावे.

श्रीमंती म्हणजे केवळ जवळचा पैसा नव्हे, जग आपल्यासाठी थांबेल ही खात्री म्हणजे श्रीमंती, हे या चित्रपटाने दोन छोट्या प्रसंगांत जितके स्पष्ट दाखवले आहे तितके मी इतरत्र क्वचितच पाहिले आहे. जॅक्सनव्हिलला बस अर्धा तास थांबते, तेव्हा एली हॉटेलात न्याहारीला जाताना चालकाला सांगते की मला थोडा उशीर होईल, तरी बस थांबवून ठेवा. परत येते तो बस गेलेली असते, आणि ती गेली कशी, याचेच तिला नवल वाटते. पुढे एका ऑटो-कॅम्पमध्ये, म्हणजे मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला बांधलेल्या खोल्यांच्या वसतिस्थानात, ती सकाळी अंघोळीसाठी रांगेतल्या बायकांना ओलांडून सरळ पुढे जाते. बायका तिला मागे पाठवतात, आणि ती रांगेत उभी राहते. कोणी तिला उपदेश करत नाही, संगीत बदलत नाही. एक मुलगी रांगेत उभी राहायला शिकते आणि चित्रपट पुढे सरकतो. टिकण्याबद्दल विचारणाऱ्यांना मी हा प्रसंग पुन्हा पाहायला सांगते.

एलीला बरेच काही शिकावे लागते हे सगळ्यांच्या लक्षात येते. पीटरलाही तितकेच शिकावे लागते, ते मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याला गरिबीचा ताठा आहे. कॉफीत डोनट कसा बुडवायचा, यावर तो तिला धडा देतो. ओढा ओलांडताना तिला खांद्यावर घेतो. वडील आपल्याला पाठकुळी घेत असत असे ती म्हणते, तेव्हा श्रीमंतांना पाठकुळी घेता येत नाही, लिंकनसारख्या माणसाला ती येते, असे तो तिला ठासून सांगतो आणि वर एक चापटही मारतो. हा प्रसंग मला आवडत नाही. शेवटाकडे तो तिच्या वडिलांना म्हणतो की या मुलीला रोज एक ठोसा लगावणारा पुरुष हवा, तेही वाक्य मला प्रत्येक वेळी टोचते. चित्रपट प्रिय आहे म्हणून ते पोटात घालावे, असे मला वाटत नाही.

पण पीटरचा खरा दोष प्रवासाच्या शेवटच्या रात्री उघडा पडतो. खोलीत दोघांच्या खाटांमध्ये दोरीवर घोंगडी टांगलेली आहे. बायबलमध्ये रणशिंगांच्या आवाजाने ज्या जेरिको नगराच्या भिंती कोसळल्या, त्यांच्यावरून पीटरने तिला ‘जेरिकोची भिंत’ हे नाव दिले आहे. एली त्या भिंतीपलीकडून येऊन आपले प्रेम सांगते. तो तिला परत पाठवतो, आणि ती रडत रडत झोपल्यावर, एकही पैसा खिशात नसताना लग्नाची मागणी कशी घालायची या विचाराने, आपली हकिगत विकून एक हजार डॉलर आणायला मध्यरात्री निघून जातो. मालक तिला बाहेर काढतात. तो आपल्याला सोडून गेला असे समजून ती वडिलांना फोन करते. तिने हजार डॉलर कधी मागितलेच नव्हते. तिच्याजवळ पैसा आहे म्हणून आपणही पैसा घेऊनच उभे राहिले पाहिजे, ही त्याची समजूत असते आणि त्या समजुतीपायी सगळे मोडायला येते. वर्गभेद गरिबाच्या मनातही असा घर करून असतो, हे १९३४ सालच्या एका हलक्याफुलक्या चित्रपटाने ओळखले होते.

यानंतर येतो तो माझा सर्वांत आवडता प्रसंग. वेस्टलीशी तिचे लग्न आता थाटामाटात पुन्हा लागणार आहे. मुलीचा पत्ता सांगणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस लागलेले असते. पीटरने तिच्या वडिलांना पैशांच्या बाबतीत पत्र लिहिलेले असते, म्हणून तो बक्षीस मागायलाच आला असणार, असे तेही धरून चालतात आणि एलीही. तो खिशातून कागद काढून वाचतो: रोख खर्च ८ डॉलर ६० सेंट, ओव्हरकोट १५ डॉलर, सूटकेस ७ डॉलर ५० सेंट, टोपी ४ डॉलर, तीन सदरे ४ डॉलर ५० सेंट. एकूण ३९ डॉलर ६० सेंट. प्रवासात झालेल्या खर्चाची आणि विकाव्या लागलेल्या वस्तूंची ती यादी आहे. मी ती बेरीज पहिल्यांदा पाहताना नकळत केली होती आणि अजूनही करते. ती बरोबर येते. दहा हजार डॉलर तो नाकारतो, पण ३९ डॉलर ६० सेंट मात्र मागूनच घेतो, कारण तो तत्त्वाचा प्रश्न आहे. पैसा सर्वस्वी नाकारणारा नायक मला कधीच पटलेला नाही. आपले म्हणून जेवढे निघते तेवढे मागायचे, आणि त्याहून एक सेंट अधिक घ्यायचा नाही, हे मला कितीतरी अवघड वाटते. माझ्या वडिलांना तो प्रसंग दाखवता आला असता, तर मला फार समाधान झाले असते.

चित्रपट ज्या काळात निघाला, त्या काळाचाही यात वाटा आहे. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांपैकी सुमारे एक बेकार होता आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. बसमध्ये सगळे प्रवासी मिळून गाणे म्हणत असतानाच, त्याच बसमध्ये एक बाई उपासमारीने भोवळ येऊन पडते आणि तिचा मुलगा रडू लागतो. एली आणि पीटर यांच्याजवळ उरलेली नोट त्या मुलाच्या हाती जाते. म्हणूनच पुढे त्यांच्यावर शेतातली कच्ची गाजरे खायची वेळ येते, आणि आधी ती नाकारणारी एली नंतर तेच गाजर निमूटपणे खाते. दिग्दर्शक फ्रँक काप्रा स्वतः सिसिलीतून लहानपणी आई-वडिलांबरोबर आलेला स्थलांतरित होता. कोलंबिया ही तेव्हा लहान समजली जाणारी कंपनी होती. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बर्ट हे दोघेही इतर कंपन्यांकडून उसने घेतलेले कलावंत होते, आणि चित्रीकरण चार आठवड्यांत उरकले होते. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर एकत्र मिळवणारा हा पहिला चित्रपट ठरला. आपल्याकडे १९५६ साली ‘चोरी चोरी’ आणि १९९१ साली ‘दिल है कि मानता नहीं’ याच कथेवरून निघाले, त्यामुळे कथा पुष्कळांना ओळखीची वाटते.

आता माझ्याविषयी थोडे, कारण मला तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काहीजण त्याच श्वासात माझ्या लग्नाबद्दलही विचारत असतात, हे मी जाणून आहे. माझे पती मोठ्या व्यापारी घरातले. १९८३ साली आमचे लग्न झाले, तेव्हा कंडक्टरची मुलगी त्या घरात किती दिवस राहील, याची चर्चा दोन्हीकडच्या नातेवाइकांत उघडपणे झाली होती. आम्ही वेगळे बिऱ्हाड केले. पहिला महिना संपण्याआधीच पगाराचे पैसे संपले. यांना रॉकेल, दूध आणि बसभाडे यांचे भाव माहीत नव्हते, आणि मला त्यांच्यापुढे पैशांची अडचण बोलून दाखवण्याची लाज वाटत होती. ती लाज पीटरच्या हजार डॉलरसारखीच होती, हे मला पुष्कळ वर्षांनी हा चित्रपट पाहताना कळले. एका रात्री मी खर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवली, आणि ते तीत स्वतःच्या हाताने लिहू लागले. पहिली काही पाने त्यांच्या बेरजेच्या चुकांनी भरलेली आहेत. ती वही माझ्याकडे अजून आहे.

म्हणून टिकण्याविषयीचे माझे उत्तर प्रेमाच्या उत्कटतेवर आधारलेले नाही. अर्धा चित्रपट होतो त्या सुमारास एलीच्या शोधात गुप्तहेर खोलीत शिरतात, तेव्हा दोघे नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग आणतात. पीटर तिच्यावर खेकसतो, ती मोठ्याने रडते, आणि हे सोंग इतके हुबेहूब वठते की मालक गुप्तहेरांना म्हणतो, मी सांगितलेच होते, ही साधी सज्जन जोडी आहे. ते भांडण दोघांना जमते, कारण तोवर त्यांनी मिळून खर्च मोजलेला असतो. संसारातली जी अडचण लग्नानंतर समोर येते, ती त्यांनी आधीच पाहिलेली असते.

वडिलांनी वेदीकडे नेता नेता कानात त्या ३९ डॉलर ६० सेंटची गोष्ट सांगितल्यावर एली लग्नाचा झगा सावरत मोटारीकडे धावते. वेस्टलीला मोठी रक्कम देऊन बाजूला केले जाते. नंतर एली आणि पीटर यांचे चेहरे आपल्याला एकदाही दिसत नाहीत. रात्र आहे, आणि ती दोघे कोणत्याही मोठ्या हॉटेलात उतरलेली नाहीत. मिशिगनमधल्या तशाच एका साध्या ऑटो-कॅम्पमध्ये, बाहेर अंगणात मालक आणि मालकीण बोलत उभे आहेत. या दोघांचे खरोखर लग्न झाले आहे का, अशी बाईला शंका आहे. मालक सांगतो की परवाना त्याने स्वतः पाहिला. त्यांनी दोरी आणि घोंगडी मागून घेतली, आणि एक खेळण्यातली तुतारीही आणायला लावली. ती त्यांना कशाला हवी असेल, हे दोघांनाही उमगत नाही. तेवढ्यात आतून तुतारीचा आवाज येतो, घोंगडी खाली पडते आणि खोलीतला दिवा मालवतो.