पैसे कुणाला द्यायचे, हे ठरवता कसं?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या मदतीसाठी वर्गणी काढणाऱ्या गटाबद्दल कळलं की लोक हमखास विचारतात, "इतक्या गरजा असताना याला द्यायचं आणि त्याला नाही, हे तुम्ही ठरवता कसं?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही सव्वीस जण. दरमहा प्रत्येकी हजार रुपये काढतो आणि पहिल्या रविवारी कुणाच्या तरी घरी बसतो. सुरुवातीला ठरवायचा प्रश्नच यायचा नाही. दारात येईल त्याला द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आजारी मुलाचा फोटो आला की संध्याकाळपर्यंत पैसे गेलेले असायचे. ते पैसे वाया गेले असं मी आजही म्हणणार नाही. पण आमच्या दारापर्यंत यायलासुद्धा ओळख लागते, फोन लागतो, आपली अडचण मांडता यावी लागते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, ते आमच्या वहीत कधी आलेच नाहीत.

मग शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही पाण्याचे फिल्टर वाटले. कल्पना माझी होती. सहा महिन्यांनी गेलो, तर एका घरात फिल्टरच्या भांड्यात तांदूळ भरलेले आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून तोटीला फडकं बांधलेलं. मी विचारल्यावर ती बाई अवघडली. म्हणाली, "ताई, गाळायला आधी पाणी तर पायजे." भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात. मुंबईची तहान त्यांवर भागते आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. हे मी दर उन्हाळ्यात पेपरात वाचत होते. तरी फिल्टर घेण्याआधी तिथं जाऊन विचारावंसं मला वाटलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तेव्हापासून तीन गोष्टी बघतो: किती जणांना झळ बसते, दुसरं कुणी तिथं मदत करतंय का आणि आपल्या पैशाने खरंच काही बदलेल का. परिणामकारक दानाचा विचार करणारे जगभर साधारण हेच विचारतात. मला मात्र ते पटलं गडचिरोलीमुळे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आधी गावोगावी मृत्यूंची नोंद केली. तान्ही बाळं घरातच जात होती. त्यांच्यासाठी वर्गणी मागायला कोण येणार? गावातल्याच बायकांना शिकवून 39 गावांत घरोघरी बाळांची काळजी घेतली, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी 62 वरून 25 च्या आसपास आलं. 1999 साली 'लान्सेट'मध्ये ते छापून आलं.

पण या तीन प्रश्नांपुढे डायलिसिसवरचा माणूस कधीच टिकत नाही. खर्च जन्मभराचा आणि माणूस एक. आमच्यातले एक काका चिडून म्हणाले, "समोरच्या इमारतीतल्या वहिनींना मी हे गणित सांगू?" आम्हाला कुणालाच त्यांना उत्तर देता आलं नाही. म्हणून महिन्याच्या सव्वीस हजारांतले सहा हजार दारात येणाऱ्यांसाठी ठेवतो, उरलेले वीस शोधून द्यायचे. सहाच का, याला माझ्याकडे कारण नाही. वहिनींना भेटते तेव्हा ते कमीच वाटतात.

मागच्या रविवारी पाड्याचं काम ठरलं. या वेळी आधी विचारलं होतं. त्यांना विहिरीतला गाळ काढून कठडा बांधून हवाय, अंगमेहनत ते करणार. सतरा हात वर झाले. काकांचा नव्हता. कामाचा हिशेब मात्र त्यांनीच मागून घेतलाय, शनिवारी माझ्याबरोबर तेच येणार आहेत.